शुगर, अंडे आणि गावातले मैदान : आरोग्याचा प्रश्न सवयीचा की वाट्याचा?

मागच्या वर्षी जयंतीनिमित्त जालना जिल्ह्यातल्या एका गावात, वस्तीतल्या समाज मंदिरात आरोग्य शिबिर होते. नोंदणीच्या टेबलावर मी बसले होते. पन्नाशीच्या आसपासच्या एका मावशीची शुगर अडीचशेच्या वर निघाली. अंगावर मांस म्हणून नाही, मनगट दोन बोटांत मावेल असे. तरुण डॉक्टरांनी नेहमीचा सल्ला दिला. भात कमी करा, फळे आणि पालेभाज्या खा, रोज अर्धा तास चाला.

मावशी हसल्या. म्हणाल्या, "साहेब, सकाळी सातला रानात जाते, दिवसभर खुरपते, येताना डोक्यावर सरपणाचा भारा असतो. अजून किती चालू? आन् भात कमी केला तर खाऊ काय? रेशनला तर तेच मिळतं."

डॉक्टर चुकीचे काही बोलले नव्हते. वैद्यकीयदृष्ट्या सल्ला बरोबरच होता. पण तो ज्या घरासाठी लिहिलेला होता ते घर मावशींचे नव्हते. त्या घरात फ्रीज आहे, फळवाला दारावर येतो, संध्याकाळी फिरायला बाग आहे आणि फिरण्याइतकी ताकद दिवसाअखेर शिल्लक राहते.

गावाकडच्या आरोग्याची चर्चा आजकाल 'जीवनशैली' या एका शब्दाभोवती फिरते. लोक चुकीचे खातात, व्यायाम करत नाहीत, म्हणून आजारी पडतात, असा एकूण सूर असतो. आपल्या चळवळीतल्या शिकलेल्या मंडळींच्या तोंडीही तो आता येऊ लागला आहे. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे, की आपल्या वस्त्यांच्या बाबतीत सकस अन्न आणि खेळ-व्यायाम हा आधी वाट्याचा प्रश्न आहे आणि मग सवयीचा. वाटा कुणाचा किती, हे रेशन दुकानात, शाळेच्या स्वयंपाकघरात, ग्रामपंचायतीच्या ठरावात आणि जमिनीच्या उताऱ्यावर ठरते. त्या सगळ्या ठिकाणी आपल्याला जाता येते.

हडकुळ्या देहात शुगर येते कुठून?

मधुमेह हा खात्यापित्या घरातल्या जाड माणसांचा आजार, ही समजूत अजून गेलेली नाही. तिला तडा देणारे संशोधन आपल्या महाराष्ट्रातच झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर महिलांचा आणि त्यांच्या बाळांचा दीर्घ अभ्यास केला. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते, म्हणजे ब्रिटनमधल्या बाळांपेक्षा बरेच कमी. पण शरीराची मोजमापे घेतल्यावर दिसले, की या बाळांत स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी जास्त होती. 'बारीक पण चरबीयुक्त' बाळ ही कल्पना जगभरच्या वैद्यकशास्त्रात या गावांमधून गेली. आईच्या पोटात असताना झालेली आबाळ पुढे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवते, हे यातून पुढे आले.

याच अभ्यासातले आणखी दोन निष्कर्ष आपल्यासाठी फार मोलाचे आहेत. ज्या गरोदर महिलांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा होते, त्यांची बाळे अधिक भरलेली जन्मली. आणि ज्या महिला गरोदरपणात शेतात आणि घरात जास्त कष्ट करत होत्या, त्यांच्या बाळांचे वजन कमी भरले.

दुसरा निष्कर्ष 'रोज अर्धा तास चाला' या सल्ल्याशेजारी ठेवून पाहा. शारीरिक हालचाल चांगली हे खरे, पण कुणाची, कोणत्या वेळी आणि कोणाच्या मर्जीने? पोटात बाळ असताना मजुरीसाठी वाकून केलेले काम आणि पोटभर जेवून मैदानावर मारलेली फेरी या दोन गोष्टी एका रकान्यात मोजता येत नाहीत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला होता, तो याच कारणासाठी. बाळंतपणाच्या आगेमागे बाईला पगारी विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. आज अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक गरोदर महिलेसाठी किमान ६,००० रुपयांची तरतूद आहे. प्रत्यक्षात मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६,०००. दुसरा मुलगा झाला तर आईला विश्रांती नको, असा याचा अर्थ होतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) महाराष्ट्राचे आकडे असे आहेत. पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. उंचीच्या मानाने बारीक मुले २५.६ टक्के. सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातल्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आहे. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये ते ५४.२ टक्के. देशातल्या श्रीमंत राज्यांत गणल्या जाणाऱ्या राज्यात दर तीन मुलांतले एक खुजे आहे. आजची ही खुजी, रक्त कमी असलेली मुलगी उद्या आई होईल. मावशींची शुगर तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या अशाच एखाद्या घरातून सुरू झालेली असू शकते.

पोट भरते, ताट भरत नाही

अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली आला. प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. या धान्याने आपल्या वस्त्यांतली उघडी उपासमार बरीच कमी केली, हे कबूल केले पाहिजे. टाळेबंदीच्या काळात ते नसते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

पण हे धान्य म्हणजे मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ नाही, तेल नाही, अंडी-दूध तर लांबच. कायद्यात भरड धान्याची तरतूद पहिल्यापासून आहे, पण मराठवाड्यातल्या माणसाचे जे मूळ अन्न, ती ज्वारी, रेशनच्या दुकानात कधीमधीच दिसते. शेतातही ती मागे हटली आहे. ज्वारी, तूर, मूग, करडई अशी मिसळ असलेल्या रानात आता नजर जाईल तिथपर्यंत सोयाबीन आणि कापूस दिसतो. हे पीक विकायचे असते, खायचे नसते. पूर्वी खुरपताना बाया पदरात तांदुळजा, पाथरी, घोळ, कुंजीर, चिवळ असे काहीबाही खुडून आणत. त्या रानभाज्यांना पैसे पडत नव्हते. तणनाशकाची फवारणी सुरू झाल्यापासून मजुरीचे दिवस कमी झाले आणि बांधावरची ही फुकटची भाजीही गेली. एका फवाऱ्यात रोजगार आणि भाजी दोन्ही.

ज्याच्याकडे जमीन आहे तो निदान घरापुरता भाजीचा वाफा करू शकतो, दोन शेळ्या, चार कोंबड्या पाळू शकतो. आपल्या बहुसंख्य कुटुंबांना तेही शक्य नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात लोक तुरुंगात गेले. मराठवाड्यात गायराने कसण्याची चळवळ पिढ्यान्‌पिढ्या चालली. १९७८ आणि १९९१ चे शासन निर्णय निघाले. तरीही गायरान कसणाऱ्या कितीतरी कुटुंबांच्या नावावर आजही सातबारा नाही आणि अतिक्रमण हटवण्याच्या नोटिशीची टांगती तलवार कायम आहे. गायरानाचा प्रश्न आपण जमिनीचा प्रश्न म्हणून मांडतो, तसाच तो मुलांच्या ताटातल्या डाळीचा आणि भाजीचाही आहे.

मांसाचेही तसेच. १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेल्या पशुसंरक्षण कायद्यातील दुरुस्तीला २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. राजकारणाचा भाग बाजूला ठेवू. गरिबाच्या बाजारात प्रथिनांचा सर्वांत स्वस्त पर्याय या निर्णयाने काढून घेतला, त्याच्या जागी दुसरा काही दिला नाही. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, कारण त्यात लाचारी होती. सन्मानाने मिळवलेले, ताजे, पुरेसे अन्न नाकारा असे त्यांनी सांगितले नव्हते. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक ज्यांनी वाचले आहे त्यांना माहीत आहे, की आपल्या आज्या-पणज्यांनी किती थोडक्यात किती निगुतीने चूल चालवली. त्या चुलीची लाज वाटण्याचे कारण नाही. तसेच तिच्यातल्या टंचाईचे कौतुक करत बसण्याचेही नाही.

एका अंड्याची किंमत

सगळ्यात ताजा आणि सगळ्यात कमी चर्चा झालेला प्रश्न आहे शाळेतल्या अंड्याचा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला. अंडे न खाणाऱ्या मुलांसाठी केळे किंवा दुसरे फळ होते, म्हणजे कुणावर सक्ती नव्हती. तरीही विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये नवा शासन निर्णय आला. अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले आणि त्यासाठी राज्याचा वेगळा निधी मिळणार नाही, असे ठरले. शाळा व्यवस्थापन समित्यांनी हवे तर लोकसहभागातून खर्च उभा करावा, असे सांगण्यात आले. वाचवलेली रक्कम पन्नास कोटींच्या आसपास असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या.

पोषण आहाराच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे लहान मुलाच्या त्या जेवणातल्या गरजेच्या निम्मी. शिवाय ती शरीराला चांगली लागू पडतात आणि अंड्यात पाणी घालून ते वाढवता येत नाही. पातळ वरणाचे तसे नाही, हे पोषण आहार शिजताना पाहिलेल्या कुणालाही कळेल. मे २०२५ पासून धान्य सोडून बाकी साहित्यासाठी प्राथमिकच्या एका मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे धरले आहेत. त्यात डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला आणि इंधन सगळे आले. बाजारात एक अंडेच जवळपास तेवढ्याला मिळते. तेव्हा वेगळा निधी दिल्याशिवाय शाळा अंडे देऊ शकणार नाही, हे निर्णय घेणाऱ्यांना माहीत असणारच.

'लोकसहभाग' या शब्दाचा अर्थ गावात काय होतो, हे आपल्याला नवे नाही. ज्या गावात पैसे देऊ शकणारी घरे आहेत, तिथली मुले बहुधा पोषण आहारावर अवलंबून नाहीत. ती तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या बसने जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत उरलेली मुले आपली, भटक्या-विमुक्तांची, आदिवासींची आणि कोरडवाहू शेतकऱ्यांची. त्यांच्या पालकांनी वर्गणी काढावी असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला स्वतःच्या जेवणाची देणगी द्यायला सांगणे. आणि पैसे जमले तरी गावातले वजनदार लोक 'शाळेत अंडे नको' म्हणाले तर मुख्याध्यापक काय करतील? बदलीची भीती कुणाला नसते?

इतर राज्यांनी काय केले तेही पाहू. तमिळनाडूत शाळेतल्या मुलांना आठवड्याचे पाच दिवस अंडे मिळते आणि त्याला बरीच वर्षे झाली. कर्नाटकात अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने २०२४ पासून सहा दिवस देणे सुरू झाले. तमिळनाडूच्या रेशन दुकानात तूरडाळ आणि पामतेलही सवलतीत मिळते. हे अशक्य नाही, हे आपल्याही सरकारने दाखवले होते. २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' म्हणून शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल दिलेच ना? जी डाळ सणाला देता येते, ती महिन्याला का देता येत नाही? सणाची भेट सरकारच्या मर्जीने येते आणि मर्जीने जाते. हक्काला तसे करता येत नाही.

याच पोषण आहाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये सांगितले होते, की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्यावे. आपल्या गावातल्या शाळेत आपल्या वस्तीतली बाई स्वयंपाकाला आहे का, हे एकदा विचारून पाहा. शिजवतो कोण आणि वाढतो कोण, यावर कुणाच्या मुलाच्या ताटात किती पडते ते बरेचसे ठरते.

पहाटे चारच्या रस्त्यावर

आता मैदानाकडे वळू. पहाटे चार-साडेचारला मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या रस्त्याने गेलात, तर मोबाइलच्या उजेडात धावणारी पोरे दिसतील. ती पोलीस भरतीची तयारी करत असतात. शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण आहेत: मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावणे, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. या गुणांत निम्मे मिळाले तरच पुढच्या परीक्षेचा दरवाजा उघडतो. आपल्या मुलांसाठी सरकारी नोकरीचा जो थोडा रस्ता उरला आहे, तो असा अक्षरशः रस्त्यावरून जातो. ट्रकच्या दिव्यांपुढे, खड्डे चुकवत, मोकाट कुत्र्यांना दगड मारत.

मैदान असते तर ही मुले तिथे धावली असती. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे २००९ पासून लिहिलेले आहे. अनेक गावांत ते कागदावर आहे. प्रत्यक्षात तिथे कुणाचा कडबा रचलेला असतो, कुणाचे ट्रॅक्टर उभे असते, नाहीतर लग्नाचा मांडव पडलेला असतो. खुली व्यायामशाळा म्हणून बसवलेली निळी-पिवळी यंत्रे ग्रामपंचायतीसमोर किंवा मंदिराच्या आवारात असतात. बंदी कुणालाही नाही. पण आपल्या वस्तीतली मुलगी संध्याकाळी त्या आवारात जाऊन व्यायाम करेल का? या प्रश्नाचे उत्तर तिला कुणी फलक लावून द्यावे लागत नाही.

मैदान आणि जात यांचे नाते जुने आहे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणाऱ्या पळवणकर बाळू यांना पुण्याच्या क्लबात सवर्ण खेळाडूंपासून वेगळे, मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. चेंडू एकच होता, कप वेगळा होता. आणि बाबासाहेबांच्या चळवळीने शरीराकडे कधी दुर्लक्ष केले नाही. महाडच्या संघर्षाच्या काळात उभ्या राहिलेल्या समता सैनिक दलात कवायत होती, शिस्त होती, लाठी होती. ताठ उभे राहता येणे हा त्या काळात निव्वळ व्यायामाचा भाग नव्हता.

२०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. महिलांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२ टक्के. यातून गावही आता आळशी झाले असा अर्थ काढण्याची घाई होईल. माझ्या पाहण्यात गावाची गत वेगळी आहे. हार्वेस्टर, ट्रॅक्टर, तणनाशक आणि मोटरसायकल आल्यावर वर्षातले काही महिने जीव जाईल इतके काम असते आणि बाकीचे महिने पारावर बसून जातात. ऊसतोडीला गेलेले जोडपे सहा महिने शरीर झिजवते, मुले सोबत नेली तर अंगणवाडी आणि शाळा दोन्ही सुटतात. कष्ट आहेत, पण रोज थोडा, मनासारखा, आनंदाने केलेला खेळ नाही. बायकांच्या वाट्याला तर लग्नानंतर तो कधी येतच नाही.

थोडे आपल्या घरातही पाहू

सगळा दोष व्यवस्थेवर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. वाट्याचा प्रश्न आपल्या घरातही आहे. घरात शेवटी कोण जेवते? खालची खरवड आणि उरलेले वरण कुणाच्या ताटात जाते? मटण आणले तर चांगले तुकडे कुणाला वाढले जातात? जी समता आपण व्यासपीठावर सांगतो ती पातेल्यापर्यंत पोचली आहे का?

मुलांच्या हातात पाच रुपयांची कुरकुऱ्यांची पुडी देणे सोपे असते, कारण आई रानात असते आणि पुडी दारातल्या टपरीवर मिळते. केळे मिळवायला आठवडी बाजाराची वाट पाहावी लागते. तरी पाच रुपये ते पाच रुपयेच. आठवड्याच्या पुड्यांच्या पैशांत चार-पाच अंडी येतात. तरुणांमधला गुटखा, खर्रा आणि दारू हा पंचशीलातल्या पाचव्या शीलाचा प्रश्न आहेच, तसा तो घरातल्या तेल-डाळीच्या पैशांचाही आहे. सवयी बदलायला हव्यात. माझे म्हणणे इतकेच, की सवय बदला म्हणताना पर्याय हाताशी ठेवायची जबाबदारीही घेतली पाहिजे.

या वर्षावासात काय करता येईल?

आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन चालते. वस्तीतल्या बाया, म्हातारी माणसे, मुले रोज एकत्र येतात. पावसाळा हाच घरात दाणागोटा संपण्याचा आणि परसात भाजी लावण्याचाही काळ. त्यामुळे या कामांची सुरुवात वर्षावासात करावी, असे मला वाटते.

पहिले, वस्तीची मोजणी. किती कुटुंबांना रेशन मिळते, किती जणांची नावे गळाली, किती गरोदर बायांना मातृवंदनेचे पैसे आले, अंगणवाडीत किती मुलांचे वजन नियमित होते. चार शिकलेल्या मुला-मुलींनी आठ दिवस वही घेऊन फिरले तर हे होते. हातात वही असली की तहसीलदारांपुढे बोलताना आवाज वेगळा लागतो.

दुसरे, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असाव्यात आणि वंचित घटकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा हवी. आपल्या वस्तीतली आई तिथे सदस्य म्हणून आहे का, की तिच्या नावापुढे नुसता अंगठा घेतला जातो? समितीचा लेखी ठराव करून शिक्षण विभागाकडे अंड्यासाठी निधी मागा. साठ मुलांच्या शाळेला आठवड्याला एक अंडे म्हणजे सात रुपयांप्रमाणे ४२० रुपये. तेवीस आठवड्यांचे ९,६६० रुपये. जयंतीच्या डीजेच्या बिलाशी तुलना ज्याने त्याने करावी. काही गावांत तरुण मंडळे असा खर्च उचलतील, उचलावाही. पण ठराव केल्याशिवाय वर्गणी काढू नका. नाहीतर सरकारने झटकलेली जबाबदारी आपण गुपचूप खांद्यावर घेऊ आणि ती कायमची आपलीच होईल.

तिसरे, ग्रामसभा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. हा पैसा कुठे जातो, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक मतदाराला आहे. वस्ती विकास योजनेतून रस्ते, गटारे आणि समाज मंदिरे झाली, ती हवीच होती. आता शाळेच्या मैदानावरचे अतिक्रमण काढणे, तिथे दिवा लावणे, मुलींसाठी सकाळची वेळ राखून ठेवणे, हे विषय लेखी द्या. व्यायामशाळा आणि क्रीडांगण विकासासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे अनुदानाच्या योजना आहेत, तिथेही अर्ज करा.

चौथे, विहार आणि समाज मंदिराचे आवार. वर्षातले बहुतेक दिवस ते कुलूपबंद असते. तिथे संध्याकाळी कबड्डी, खो-खो, दोरीच्या उड्या सुरू होऊ शकतात. जागा असेल तिथे शेवगा, पपई, कढीपत्ता, अळू लावता येईल. शेवग्याला पाणी थोडे लागते आणि पाला वर्षभर मिळतो. यातून वस्तीचा अन्नप्रश्न सुटेल असे मी म्हणत नाही. पण आपली जागा आपण वापरायला लागलो, की दुसऱ्याने अडवलेली जागा मागण्याचे बळ येते.

आधी जेवण, मग प्रवचन

आळवीच्या शेतकऱ्याची कथा अनेकांना माहीत असेल. भगवान बुद्ध त्या गावी आले, तेव्हा हा गरीब माणूस हरवलेला बैल शोधत रानोमाळ फिरत होता. लोक उपदेश ऐकायला जमले होते, पण बुद्ध त्याच्यासाठी थांबले. तो दमून-भागून, उपाशी पोटी पोचला तेव्हा त्यांनी आधी त्याला जेवायला वाढायला लावले आणि त्याचे पोट शांत झाल्यावरच धम्म सांगितला. भुकेल्याला उपदेश कळत नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी इतके साधेपणाने समजून घेतले गेले होते.

आपल्या आरोग्य शिबिरांत आज उलटे चालले आहे. उपदेश आधी मिळतो, जेवणाचे पुढे कुणी विचारत नाही. शिबिरे बंद करा असे मी म्हणणार नाही. मावशींची शुगर त्या शिबिरामुळेच कळली. पुढच्या शिबिरात रक्त तपासण्याच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल लावू या. त्यावर रेशन कार्डाचे अर्ज असतील, शाळा समितीच्या ठरावाचा मसुदा असेल, मैदानाच्या मागणीवर सह्या घेणारी एखादी मुलगी बसलेली असेल. मावशी परत आल्या आणि 'मग खाऊ काय?' असे त्यांनी पुन्हा विचारले, तर त्यांना त्या टेबलाकडे तरी पाठवता येईल.